साठ कीबोर्ड, एक बाबा

८ सप्टेंबर, सोमवार

स्क्रोल लॉक हे बटण कशासाठी असतं? मला सांगता येत नाही. आज मुलाखतीत विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही. सरळ म्हटलं, "नहीं पता, सर." कुलहरीजींनी — हे केंद्राचे मालक — चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पता तो मुझे भी नहीं है. हर लड़के से पूछता हूँ, सब कुछ न कुछ फेंकते हैं. तू पहली है जिसने सच बोला."

आणि नोकरी दिली!

इथे जयपूरला जगतपुऱ्यात त्यांचं ऑनलाइन परीक्षांचं केंद्र आहे. एका हॉलमध्ये साठ कॉम्प्युटर. वेगवेगळी सरकारी खाती हॉल भाड्याने घेतात आणि परीक्षा घेतात, टायपिंगच्या जास्त. प्रत्येक परीक्षेआधी सगळ्या कीबोर्डांची सगळी बटणं चालतात की नाही, हे एका माणसाने बघायचं. तो माणूस म्हणजे मी.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे नेमकं काय करायचं?"

"बटणं दाबायची."

आईने माझी बोटं बघितली. मग — "बी.ए. झालेल्यांनीच दाबायची असतात का ती?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नाही. त्यामुळे हे असंच असतं का, हे विचारायलाही कुणी नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

काम सोपं नाही! स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र येतं. खरं बटण दाबलं की चित्रातलं तेच बटण हिरवं होतं. हिरवं झालं नाही तर बटण मेलेलं. एकदा दाबून दोनदा उमटलं तर उतावळं. दाबल्यावर वर आलंच नाही तर — चहा.

बटणं उपटायला एक वाकवलेली तार आहे. ती मी पिशवीतच ठेवते, सर्जनसारखी. आज बटणांखाली सापडलेलं: कचोरीचा चुरा, शेव, दोन टिकल्या, एक जिवंत मुंगी. एका स्पेसबारखाली घडी घातलेला कागद. मला वाटलं, कॉपी! उघडला तर बारीक अक्षरात फक्त गणपतीचं नाव, अकरा वेळा. परत ठेवू की टाकू, ते कळेना. शेवटी कुलहरीजींच्या देव्हाऱ्यात ठेवला.

हसू येतं, पण खरंच — इथे बसणाऱ्या प्रत्येकाने वर्ष-दोन वर्षं तयारी केलेली असते. एक 'क' चालला नाही म्हणून त्याची नोकरी जावी? मी एक पाटी लिहिली: 'एक बटन किसी की ज़िंदगी न रोके.' भिंतीवर लावायला गेले.

कुलहरीजी म्हणाले, "भाव अच्छा है बेटा, पर दीवार किराये की है. कील मत ठोकना."

११ सप्टेंबर, गुरुवार

पाटी चिकटपट्टीने लावली. दुपारी पडली. परत लावली.

१४ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. म्हणजे बाबांची टायपिंगची शिकवणी.

मी आठवीत होते तेव्हा बाबांची बदली झाली आणि आम्ही पूर्णेहून इथे आलो. तेव्हापासून बाबा जयपूरच्या रेल्वे यार्डात गाड्यांची चाकं तपासतात. हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालायचं, चाकावर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा. मे महिन्यातही तेच. संध्याकाळी घरी आले की खुर्चीतून उठताना असे कण्हतात की शेजारी ऐकू जावं. गुडघे गेलेत त्यांचे.

म्हणून मी ठरवलं होतं, पदवी मिळाली की पहिलं काम हे. खात्यातल्या लोकांसाठी क्लार्कची परीक्षा निघाली, मीच फॉर्म भरला, मीच अभ्यास घेतला, आणि बाबा लेखीत पास झाले! आता फक्त हिंदी टायपिंग उरलंय. मिनिटाला पंचवीस शब्द. ४ ऑक्टोबरला. ते झालं की खुर्ची, पंखा, सावली. मला दुसरं काही नको. माझ्या स्वतःच्या नोकरीचं सुद्धा एवढं वाटत नाही.

पण बाबा टाइप करत नाहीत, ठोकतात! आज 'म' उडाला तो थेट वरणात. आईने पळीने काढला, धुतला आणि विचारलं, "याला पुसून द्यायचं की वाळत घालायचं?"

सरावासाठी मी एक वाक्य रचलंय. अवघड अक्षरं यावीत म्हणून. 'ऋषि का ऊँट ठंडी छाछ पीकर झूमता हुआ ज्ञानी बन गया.'

बाबा थांबले. "उंट ज्ञानी कशानं झाला? ताकानं?"

"बाबा, टाइप करा."

"करतो की. पण कारण कळलं की हात चालतो."

१६ सप्टेंबर, मंगळवार

बाबांचं नवीन म्हणणं — बटण दाबून बघायची गरजच नाही. आवाजावरून कळतं. "चाकाचं कळतं तर बटणाचं का नाही कळणार? मला शिकवायलीस?"

मी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. बाबांनी एकेक बटण ठोकलं, कान लावला, आणि फार गंभीरपणे तीन बटणं खराब ठरवली. तपासलं. तिन्ही उत्तम. जे खरंच खराब आहे (एंटर, अर्धमेला) त्याला म्हणाले, "हे एकदम खणखणीत. हे शंभर वर्षं जाईल."

आई हसून हसून भिंतीला टेकली. "रेल्वे कशी चालायली देव जाणे!"

बाबा म्हणाले, "लोखंडाचं वेगळं असतं. हे प्लास्टिक आहे. प्लास्टिक खोटं बोलतं."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

धक्का! ४ ऑक्टोबरची परीक्षा आमच्याच केंद्रात आहे. बाबांची!

मी तडक कुलहरीजींकडे गेले. "सर, मेरे पापा इसमें बैठ रहे हैं. मुझे उस दिन ड्यूटी से हटा दीजिए."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "लोग घरवालों को पास कराने के लिए ड्यूटी लगवाते हैं. तू कटवाने आई है?"

"नियम के हिसाब से —"

"अरे कीबोर्ड देखना है बेटा, कॉपी थोड़े ही जाँचनी है! और तेरे सिवा यहाँ किसको आता है?"

मी हटले नाही. शेवटी त्यांनी खात्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं की गुण मी देत नाही, तेव्हा हरकत नाही. पण शेजारी दुसरा माणूस बसवा. तो माणूस म्हणजे दारावरचे बापू. निवृत्त फौजी. मिशा एवढ्या की चहा पिताना वर धराव्या लागतात. ते म्हणाले, "बिटिया, मैंने बॉर्डर पर दूरबीन से देखा है. यहाँ भी नज़र रखूँगा. तुझ पर भी."

मला फार बरं वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

बाबांना सगळं सांगितलं. टायपिंगच्या परीक्षेत लोकांना स्वतःचा कीबोर्ड आणायची मुभा असते, हात बसलेला असतो ना. पण दाराशी माझ्या टेबलावर तो तपासला जाणार. एक जरी बटण बिघडलेलं निघालं तरी तो कीबोर्ड आत जाणार नाही.

बाबांनी विचारलं, "आणि माझा बिघडलेला निघाला तर?"

"तुमचा असो नाही तर रेल्वेमंत्र्यांचा. मी सोडणार नाही."

"शाब्बास!" बाबा म्हणाले.

इतकी मनापासून शाब्बासकी मला बी.ए. झाल्यावरही मिळाली नव्हती. डोळ्यांत पाणीच आलं. मग सरावाच्या कीबोर्डला एंटर नवा बसवून दिला. आता तो अगदी निर्दोष आहे. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आईचा उपास. बाबांचा सराव. उंट अजून ताक पितोय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बाबा घाबरलेत, दुसरं काही नाही. रोज नवा प्रश्न.

"त्या दिवशी लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे, बाबा."

"जनरेटर बंद पडला तर?"

"दोन आहेत."

"हं." आणि तोंड एवढंसं.

मग म्हणतात, "पुढच्या वर्षी पण असते ना ही परीक्षा? त्याच्या पुढच्या वर्षी?" मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "पुढच्या वर्षीची गरजच पडणार नाही. तुमचा वेग किती वाढलाय बघा!" खरंच वाढलाय. आता बटणं उडत नाहीत. हात हलका झालाय. माझ्याशी बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत सुद्धा टाइप करतात.

पण वाढला म्हटलं की खूश होत नाहीत. विनम्र स्वभाव.

२७ सप्टेंबर, शनिवार

पगार झाला. बाबांना शर्ट घेतला. आकाशी, बारीक रेघांचा, ऑफिसात घालतात तसा. बाबांनी घडी न मोडता छातीला लावून बघितला. "कडक आहे," म्हणाले.

"कॉलर कडकच असते."

"मानेला घासत असेल."

आई म्हणाली, "साहेबांची मान घासतेच."

मी पूर्णेला मावशीला फोन करून सांगितलं. तिने तिकडे सगळ्यांना सांगितलं. बाबांच्या यार्डातल्या राजरत्नकाकांनाही मीच सांगितलं — ते पण याच परीक्षेला आहेत, बाबांहून दहा वर्षांनी लहान. ते फोनवर म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, शर्यत आहे आमची. हरणाऱ्यानं यार्डातल्या गँगला कचोरी द्यायची." बाबांना निरोप दिला. पहिल्यांदाच पेटले! "तो राजरत्न? त्याला पाना धरायला मी शिकवलं!" आणि दोन तास हलले नाहीत.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज केंद्रातले साठही झाले. शिवाय कपाटात आठ जादाचे होते, धुळीने माखलेले, कुणी हातही न लावणारे. कुलहरीजी म्हणाले, "उन्हें छोड़, वो तो दिखाने के हैं." मी सोडले नाहीत. एकेक उघडला, ब्रशने झाडला, बटणं साबणाच्या पाण्यात धुऊन गच्चीत वाळत घातली. खालून बापू ओरडले, "बिटिया, क्या सुखा रही है? बड़ियाँ?" (इथे वाळवणाचे सांडगे असतात त्यांना ते बड़ी म्हणतात.) कबुतरांनी दोन बटणं पळवली, ती शेजारच्या टाकीवरून परत आणली.

आता आठही चालतात. सगळी बटणं हिरवी! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. बाबांची जुनी हातोडी, पाने, आईची विळी, मिक्सर, शिलाई मशीन. यंदा आईने मध्यभागी बाबांचा कीबोर्ड ठेवला. शेजारी माझी तार! मला तर भरूनच आलं. घरातली पहिली तार.

आरती झाल्यावर बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे जेवायला. मी हे सगळं आवरून ठेवतो."

बाबा आणि आवरून ठेवतात! परीक्षा माणसाला किती बदलते.

४ ऑक्टोबर, शनिवार

परीक्षा झाली. सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी दारात टेबल. मी, बापू आणि एक कॉम्प्युटर. समोर रांग. प्रत्येकाच्या काखेत कीबोर्ड. कुणाचा टॉवेलात, कुणाचा उशीच्या अभ्र्यात, एकाचा बाळाच्या दुपट्यात. कुणी मांडीवर घेऊन थोपटल्यासारखा धरलेला. राजरत्नकाकांचा तर नवा कोरा, आणि त्यात लाल-निळे दिवे लागायचे-विझायचे! बापूंनी मिशी चढवली. "ये बत्ती क्यों जल रही है? बारात में आए हो?" काकांना दिवे बंद कसे करायचे ते माहीत नव्हतं. शेवटी कागद चिकटवून आत सोडलं.

मग बाबा. आकाशी शर्ट. मला म्हणाले, "नमस्ते, मॅडम." मी पण म्हटलं, "नमस्ते जी, कीबोर्ड दीजिए." बापूंनी दोघांकडे आळीपाळीने दूरबिणीसारखं बघितलं.

मी तपासायला लागले. हिरवं. हिरवं. हिरवं. आणि काना — काना खालीच जाईना! काना नाही म्हणजे हिंदीतलं काहीच नाही. मी पुन्हा दाबलं. दगड.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "खराब आहे? अरेरे."

तार घातली, बटण उपटलं. खाली कुंकू लावलेले तांदूळ. चार-पाच दाणे, गच्च बसलेले. अक्षता! खंडेनवमीच्या पूजेतल्या! मला आईचा असा राग आला, आणि रडू पण. बापू माझ्याकडे बघत होते. मागे रांग होती. बाबा पंख्याकडे बघत म्हणाले, "नियम म्हणजे नियम. मी जातो घरी. वाईट वाटून घेऊ नको."

मी दाणे काढले. तरी बटण अडकत होतं, कुंकू आत चिकटलं होतं. मग कागदावर लिहिलं — 'नामंज़ूर'. माझ्या हाताने. माझ्या बाबांचा.

बापू पुटपुटले, "कैसी छोरी है! बाप का रोक दिया." मग जरा थांबून, "सलाम है."

बाबा वळले सुद्धा. चक्क झपझप चालायला लागले.

"बाबा! कुठे निघालात? थांबा, केंद्राचा देते."

ते जागच्या जागी थांबले. "केंद्राचा... असतो?"

"मग? ज्यांचा नामंजूर होतो त्यांना आपण देतो. आठ आहेत."

"त्यातला एखादा खराब असेल."

"सगळे मी दुरुस्त केलेत."

"सगळे?"

"सगळे, बाबा!"

बाबांनी कीबोर्ड घेतला आणि दाढ काढायला जातात तसे आत गेले. मी बाहेर बसून देवाला म्हटलं, एवढी एक खुर्ची दे. पुन्हा काही मागणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आईला फैलावर घेतलं. "कीबोर्डवर कुणी अक्षता टाकतं का?"

आईने पोळपाट बाजूला ठेवला. "मी कीबोर्डाला फूल वाहिलं. एक. शेवंतीचं. मागं मिक्सरमधी तांदूळ गेले होते तवापासून मशीनवर मी दाणा टाकत नाही. बी.ए. नसले तरी तेवढं कळतं मला."

मग?

आणि नुसते वरून टाकलेले दाणे बटणाखाली जाऊन असे गच्च बसत नाहीत. बटण काढावं लागतं. तार लागते. तार पाटावरच होती.

बाबांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "उंदीर असेल."

"उंदराने बटण काढलं, तांदूळ ठेवले आणि बटण परत लावलं?"

"रेल्वे कॉलनीतले उंदीर लै हुशार असतात."

९ ऑक्टोबर, गुरुवार

पास!! मिनिटाला एकतीस शब्द! राजरत्नकाका अठ्ठावीस. तेही पास.

मी जिन्यावरून उड्या मारत आले. आईने देवापुढे साखर ठेवली. मावशीला फोन, मावशीचा तिकडे सगळ्यांना फोन. बाबा खुर्चीत बसले होते, दिवाळीत घरातलं कुणी आजारी पडावं तसे. येत्या मंगळवारी रुजू व्हायचंय, त्याआधी होकाराचं पत्र ऑफिसात द्यायचं.

मी पेढा भरवायला गेले तर तोंड मिटलेलं. "निशू," म्हणाले, "मला नको ती खुर्ची."

मी हसले. मला वाटलं, लाजतायत.

"तांदूळ मीच घातले."

आईच्या हातून साखरेची वाटी सुटली.

मग सगळं बाहेर आलं. मला 'नाही' म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही म्हणे. मी एवढ्या आनंदात फॉर्म भरला, मग शर्ट आणला, मग पूर्णेपर्यंत कळवलं. "तू नियमाची पक्की. म्हटलं, बिघडलेला कीबोर्ड दिसला की तूच मला बाहेर काढशील. माझ्या तोंडून काही जायला नको. मला वाटलं, ज्यानं आपला आणला त्याला केंद्राचा मिळत नसेल. मला काय माहीत तुम्ही दुसरा देता!"

"मग आत जाऊन चुकीचं टाइप करायचं!"

"तेच करणार होतो." बाबा उसळले. "पण शेजारी तो राजरत्न! सुरू झाल्या झाल्या खटखटखटखट. वर माझ्याकडे बघून हसला. मी काय त्याच्यामागं राहू?"

आई आधी हसली, मग मला बघून थांबली.

"आणि गुडघे?" मी विचारलं. "गुडघ्यांसाठी केलं मी सगळं."

"अगं माय, गुडघे बसून धरतात. चाललं की मोकळे. तू मला कण्हताना कधी बघतेस? सांग की. खुर्चीतून उठताना!"

मी आठवत राहिले. खरंच खुर्चीतून उठताना. प्रत्येक वेळी.

पेढा मीच खाल्ला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

केंद्रात पाटी पडली. लावली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

राग गेलेला नाही. दुपारी कामावरून सुटून स्टेशनवर गेले, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. इतकी वर्षं इथे राहून बाबांचं काम मी कधी बघितलं नव्हतं. बघायला कशाला जायचं? मला ते बंद करायचं होतं.

यार्डातली गँग फलाटावरच्या गाड्याही तपासते. गाडी लागलेली. बाबा पलीकडच्या बाजूने वाकून चालले होते. ठोका, कान, पुढे. ठोका, कान, पुढे. गाणं म्हणत होते! घरी कधी म्हणत नाहीत. गँगमधला एक जण ओरडला, "बाबूजी, मंगल से तो एसी में बैठोगे! हमको पहचानोगे?" बाकीचे हसले. बाबाही हसले, पण हातोडी खांद्यावर घेऊन जरा वेळ तसेच उभे राहिले. मग शेवटच्या डब्यापाशी जाऊन त्यांनी हात वर केला. थोड्या वेळाने गाडी हलली. खिडकीतल्या एका पोराने त्यांना टाटा केला, त्यांनी हातोडीने केला.

त्यांनी मला बघितलं नाही. मीही हाक मारली नाही.

तरीही! ऊन ते ऊनच. पुढच्या मे महिन्यात काय? दहा वर्षांनी काय? माणसाला स्वतःचं भलं कळतंच असं नाही. आईला मी तसं म्हणाले. आई म्हणाली, "हो. पण तुला कळतं, हे तुला कुणी सांगितलं?"

शर्टाला इस्त्री करून ठेवली. कॉलरला खळ.

१२ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी हार मानली. सकाळी आपणहून म्हणाले, "जातो मी मंगळवारपासून. तू वाईट वाटून घेऊ नको. बसायची सवय होईल." आणि मला दाखवायला म्हणून अर्धा तास खुर्चीत बसले, सरळ, हात टेबलावर, शाळेतल्या फोटोसारखे. उठताना कण्हले नाहीत. ओठ चावलेला दिसला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी पत्र टाइप केलं आणि बाबांपुढे ठेवलं. म्हटलं, "वाचा आधी." म्हणाले, "तू टाइप केलंस ना, मग बरोबरच असेल," आणि तोंड पाडून सही केली. मी पुन्हा म्हटलं, "बाबा, वाचा." नाही वाचलं. जाऊन ऑफिसात दिलं. तिथला बाबू म्हणाला, "सोच लो बेटा, इस कुर्सी के लिए लोग रोते हैं." म्हटलं, "हमारे घर में भी वही चल रहा है." पोच घेतली. बढती नको, आहे त्याच कामावर राहू द्यावं, असं त्या पत्रात आहे. बाबा आत्ता आकाशी शर्ट घालून आरशासमोर उभे आहेत, उद्याची तालीम, कॉलरमध्ये बोट घालून. जाते, सांगते.